सुट्टी लागली, दुपारचं काय करायचं?

परीक्षा संपल्या आणि वाचकांचे प्रश्न दुपारवर येऊन थांबले. खान्देशात ते साहजिकच आहे. पारा 42-44 वर गेला की अकरा ते पाच मुलं घरातच ठेवावी लागतात. म्हणून सुट्टीचा दिवस सरळ न आखता दोन टोकांना आखा: सकाळी सहा ते साडेआठ बाहेर, संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर. मधला वेळ वेगळा सांभाळायचा.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीला जातो. मुलगी चार वर्षांची, मुलगा आठचा. दुपारी सासूबाई सांभाळतात. त्या थकतात, मग मोबाइल देतात. काढून घेतला की रडारड. (भुसावळ)

नियम सासूबाईंना पेलेल असाच करा. ‘अजिबात द्यायचा नाही’ हे त्यांना एकटीला जमणार नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकच वेळ ठरवा, झोपून उठल्यावर चार ते पाचच्या मधली. जेवताना नको, कारण पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. झोपण्याआधी नको, कारण झोप लांबते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मुलीसाठी अर्धा तासही पुरे.

रडारड बहुतेक वेळा मधेच तोडल्यामुळे होते. चार वर्षांच्या मुलीला ‘दहा मिनिटं’ समजत नाहीत, ‘दोन गोष्टी’ समजतात. म्हणून मोजणी भागांची ठेवा आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. दुसरा भाग संपायच्या आत टरबुजाच्या फोडींचं ताट समोर आलेलं असावं. हातात काही आलं की हातातलं सुटतं.

बाकी दुपार अशी लावा. बाराच्या आत जेवण. मग पडदे ओढून खोली अंधारी. मुलगी तास-दीड तास झोपेल, पण साडेतीनला उठवाच, नाहीतर रात्री अकरापर्यंत जागी राहील. मुलाला झोपेची सक्ती नको. त्याने त्याच खोलीत आवाज न करता वाचायचं किंवा चित्रं काढायची, एवढीच अट. सगळी खेळणी एकदम काढू नका. दोन पिशव्या करा, आठवड्याने बदला. जुनी पिशवी पुन्हा नवी वाटते. न्हाणीघरात टपात पाणी घेऊन खेळणं मुलांना फार आवडतं, पण मोठं माणूस उठलं की खेळ बंद आणि टप लगेच रिकामा. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं. सासूबाईंना तिथे बसून राहणं जमत नसेल तर हा खेळ तुम्ही घरी असाल त्या दिवसासाठी ठेवा.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवते. आणखी काय करू? (अमळनेर)

आजी, कांदा ठेवा, पण त्याच्या भरवशावर उन्हात सोडू नका. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट पाणी द्या. पन्हं, ताक चालेल. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र पन्ह्यावर भागत नाही, ओआरएस लागतं. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खी पुडी एकदम घाला. मोठी पुडी एक लिटरची असते. अर्धी पुडी अंदाजाने घातली की मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या.

अंग तापून मूल सुस्त झालं, असंबद्ध बोलू लागलं किंवा झटका आला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. इथे तापाचं औषध उपयोगाचं नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : पत्र्याच्या कूलरला हात लावला की मुंग्या येतात. घरात रांगतं बाळ आहे. (धुळे)

आजच बंद करा. मुंग्या येतात म्हणजे वीज बॉडीत उतरते आहे: अर्थिंग तुटलंय, किंवा पंपाची वायर सोलून पाण्यात गेलीय. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा आणि घराला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कोणाला झटका बसलाच तर त्याला धरू नका, आधी मेन स्विच पाडा.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणार. तिथे झोके असतात, आणि मामा मुलांना विहिरीत पोहायला नेतो. पाठवू का? (पारोळा)

झोका जरूर, पण आधी मामाकडून दोर तपासून घ्या. फांदी जिवंत हवी. दोर फांदीला घासून आतून झिजतो, म्हणून मधे गोणपाटाची घडी बांधा आणि गाठ रोज बघा. धावत मधे आलेल्या लहान मुलांना झोका लागतो, त्यामुळे पुढे-मागे जागा मोकळी ठेवून एक रेघ ओढा.

विहिरीचं उत्तर कडक आहे. पायऱ्यांची विहीर नसेल तर नाही. मे महिन्यात पाणी खाली जातं, गेल्या वर्षी ज्या जागी उडी मारली तिथे आता खडक किंवा पाइप असतो. उतरण्याआधी मोटारीचा मेन स्विच बंद हवा, कारण खराब वायरीने पाण्यात करंट येतो. पोहणारं मोठं माणूस काठावर नव्हे, पाण्यात हवं, हाताच्या अंतरावर, आणि एका वेळी एकच मूल. ट्यूब निसटते, ती खेळणं समजा. तापी-गिरणेच्या डोहात शिकवायला नेऊच नये.

प्रश्न : बिबडे (ज्वारीचे पापड) करताना मुलं मधे मधे येतात. (चोपडा)

येऊ द्या, पण घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) चुलीवर असेपर्यंत हातभर लांब. लसूण सोलणं, तीळ निवडणं, ओलं कापड ताणून धरणं, वाळलेले बिबडे मोजून डब्यात लावणं ही त्यांची कामं. गरम घाटा त्वचेला चिकटून राहतो, म्हणून खोल भाजतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडू नका, आणि तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर दवाखाना गाठा.