पॅनेलच्या किटमधून कर्जतला मनासारखे आणि परवडणारे घर बांधता येईल का?

तुमचे कुटुंब भांडुपला राहते, कर्जतजवळ तुमचा दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे, आणि तिथे तयार पॅनेलच्या किटमधून, पण स्वतःच्या पसंतीच्या नकाशाप्रमाणे, कमी खर्चात घर बांधता येईल का व ते तिथल्या पावसात टिकेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते. अशी घरे उभी राहताना आणि काही वर्षांनी त्यांची दुरुस्ती निघताना मी जवळून पाहिली आहेत. असे घर बांधता येते आणि टिकतेही. मात्र ते परवडेल की नाही, हे पॅनेलच्या दरावर कमी आणि तुमच्या नकाशावर अधिक अवलंबून असते. नकाशा पॅनेलच्या मापात काढला तर पैसे वाचतात. आधी हवा तसा नकाशा काढून नंतर त्यात पॅनेले बसवू गेलात, तर खर्च विटांच्या घराएवढा आणि प्रसंगी त्याहून जास्त होतो.

प्रथम पॅनेल कोणते, ते ठरवावे लागेल, कारण विक्रेते एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू दाखवतात. दोन रंगीत पत्र्यांमध्ये फोम भरलेले पीयूएफ पॅनेल साइट ऑफिस किंवा वॉचमनच्या केबिनसाठी सोयीचे असते, परंतु आगीचा विचार करता राहत्या घरात, विशेषतः स्वयंपाकघराच्या बाजूला, ते वापरण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. लाकडी भुशाच्या किंवा ओएसबीच्या, म्हणजे लाकडाच्या चपट्या कपच्या चिकटवून दाबलेल्या, पाट्यांची पॅनेले थंड, कोरड्या देशांत उत्तम चालतात. आपल्याकडे ओल आणि वाळवी या दोन्हींशी त्यांना झुंजावे लागते. तुमच्यासारख्या घराला दोन फायबर सिमेंट बोर्डांमध्ये हलके काँक्रीट भरलेली पॅनेले किंवा आतून सळ्या घातलेली एएसीची, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटची, पॅनेले योग्य ठरतात. छताचा भार या पॅनेलवर टाकायचा नसतो. तो पोलादी सांगाड्याने घ्यायचा आणि पॅनेलने फक्त भिंतीचे काम करायचे.

जिप्समच्या पोकळ पॅनेलांची, म्हणजे जीएफआरजीची, गोष्ट निराळी आहे. खतनिर्मितीत उरणाऱ्या जिप्समपासून ती बनतात आणि आपल्या चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने ती ‘रॅपिडवॉल’ या नावाने बनवली होती. आयआयटी मद्रासने 2013 मध्ये अशा पॅनेलांचे दुमजली प्रात्यक्षिक घर सुमारे महिनाभरात उभे केले. पोकळ्यांत काँक्रीट व सळ्या भरल्यावर ही भिंत भारही पेलते. परंतु अखंड पॅनेल 12 मीटर लांब आणि 3 मीटर उंच असते, त्याचे वजन दीड टनाच्या घरात जाते, आणि ते उतरवायला क्रेन लागते. अनेक घरांच्या वसाहतीला हे परवडते. एकट्या बंगल्याला सहसा परवडत नाही.

आता मापाकडे येते, कारण सगळा हिशेब इथेच ठरतो. फायबर सिमेंटचे पॅनेल बहुधा 600 मिलिमीटर रुंद मिळते. आपण मुंबईकर खोली फुटांत मोजतो आणि गवंड्याला ‘दहा बाय बारा’ असे सांगून मोकळे होतो. दहा फूट म्हणजे 3,048 मिलिमीटर. पाच पॅनेले लावली की 3,000 भरतात आणि 48 मिलिमीटर उरतात. बारा फुटांच्या बाजूला सहा पॅनेले लावून 58 मिलिमीटर उरतात. बदलापूरकडच्या एका घरात मी ही उरलेली फट पाहिली आहे. कोपऱ्यात तीन बोटांची जागा राहिली होती, ती कामगारांनी थर्मोकोलचे तुकडे आणि सिमेंटचा माल कोंबून बुजवली होती व वरून पुट्टी फिरवली होती. जुलैत त्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत काळ्या बुरशीचा पट्टा उमटला; बाकीची भिंत कोरडी ठणठणीत होती. त्या घरात पॅनेल निर्दोष होते, नकाशा तेवढा फुटांत काढलेला होता.

तीच खोली 3 मीटर बाय 3.6 मीटर काढली असती तर पाच आणि सहा पॅनेले कापाकापीशिवाय बसली असती, आणि खोली जेमतेम चार चौरस फुटांनी लहान झाली असती. हे नियोजन दारे-खिडक्यांपर्यंत न्यावे लागते. खिडकी 1,200 मिलिमीटर रुंद घेतली तर ती दोन पॅनेलांच्या जागेत नेमकी बसते. 900 मिलिमीटरचे दार मात्र दीड पॅनेल खाते, म्हणून एक तर त्याच भिंतीत दुसरे तेवढेच दार घेऊन तीन पॅनेलांचा मेळ साधावा किंवा दोन पॅनेलांची जागा मोकळी सोडून दाराशेजारी 300 मिलिमीटरची उभी झडपेची पट्टी द्यावी. या पट्टीने खोलीत वाराही चांगला खेळतो. कोपऱ्यात एका भिंतीची जाडी दुसरीच्या लांबीत मिळते, तेव्हा खांबांच्या मध्यरेषा कुठे धरल्या आहेत, हे नकाशावर लिहिलेले असलेच पाहिजे. ज्या आर्किटेक्टने प्रत्येक भिंतीचे पॅनेलवार चित्र काढून, त्यावर क्रमांक टाकून दिले नाही, त्याचे काम पूर्ण झाले असे समजू नका.

‘मग मनासारखे घर कसे होणार?’ ही तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेत सिअर्स, रोबक या कंपनीने 1908 ते 1940 या काळात कॅटलॉगमधून घरांची किटे विकली आणि ती रेल्वेने गावोगाव पोहोचवली. त्यात गिऱ्हाईक नकाशात बदल मागू शकत असे. मात्र तो बदल लाकूड कापले जाण्यापूर्वी कागदावर होई. तुम्हीही हाच क्रम पाळा. ओटी कोणत्या दिशेला हवी, देवघर कुठे, आईवडिलांची खोली न्हाणीघराला लागून हवी का, मागे पडवी किती रुंद, हे सर्व तुम्हाला हवे तसे मिळू शकते, कारण 600 मिलिमीटरच्या चौकटीतही असंख्य मांडण्या बसतात. छताला झोपाळा टांगायचा असेल तर तोही आताच सांगा, म्हणजे त्या जागी तुळई त्या भाराला धरून घेता येईल. गीझर, भांड्यांची मांडणी, टीव्ही, एसी यांच्या जागा ठरवून पॅनेलच्या मागे पोलादी पट्टी आधीच बसवून घ्यावी लागते. नंतर कुठेही खिळा ठोकण्याची मुभा या भिंतीत विटेच्या भिंतीइतकी नाही, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगावे.

पॅनेलच्या घराचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे ते वाढवता येते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात बेलापूरला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत उभारताना शेजारच्या घराशी सामाईक भिंत ठेवली नाही, आणि त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे पुढे बांधकाम वाढवता आले. तुमचे बजेट आज एका खोलीचे, स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघराचे असेल तर तेवढेच बांधा. पण मागच्या बाजूचा सांगाडा पुढच्या खोलीचा भार धरून डिझाइन करा आणि त्या भिंतीची पॅनेले सांध्यांवर सोडवता येतील अशी बसवून घ्या. पाच वर्षांनी दोन खोल्या वाढवताना तोडफोड जवळपास होणार नाही. कर्ज काढून एकदम मोठे घर बांधण्यापेक्षा परवडणारे घर मी याला म्हणेन.

कारखान्यात बनलेल्या घरांच्या स्वस्ताईचे जे दाखले दिले जातात, ते नीट तपासून घ्या. नव्या बांधकाम पद्धती दाखवण्यासाठी केंद्र सरकारने घेतलेल्या सहा ‘लाइट हाऊस’ घरबांधणी प्रकल्पांपैकी इंदूरच्या प्रकल्पात सँडविच पॅनेलची पद्धत वापरून 1,024 घरे बांधली गेली. एकच माप हजार वेळा काढण्यात जी बचत होते, ती एका घराला मिळत नाही. एका घराची बचत कशात असते? भिंती काही दिवसांत उभ्या राहतात, गिलावा करावा लागत नाही, पाणी मारावे लागत नाही, भिंती हलक्या असल्याने पाया आटोपशीर होतो, आणि बांधकाम रेंगाळून मुंबईतले घरभाडे व कर्जाचा हप्ता दोन्ही भरण्याची पाळी येत नाही.

हलकेपणाचा एक तोटाही आहे आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरतात. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला जवळपास 118 किलो भरतो, आणि छताचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्या जागेत चार-पाच किलोंचा असतो. खरा भार छताचा उतार, घराची उंची आणि भोवतालची मोकळीक यांवरून ठरतो, आणि पत्र्याच्या कडांना व कोपऱ्यांना तो सर्वाधिक असतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गावोगाव छपरे उडाली. म्हणून पत्रा ते वासा, वासा ते खांब आणि खांब ते पाया ही साखळी कुठेही तुटता कामा नये. फाउंडेशन बोल्ट काँक्रीट ओतण्यापूर्वी साच्यात धरलेले असावेत; नंतर भोक पाडून ठोकलेल्या बोल्टवर सबंध घर सोपवू नये.

पाऊस भिंतीला आडवा लागतो, त्याला आपण झड म्हणतो, आणि पॅनेलच्या घराची कसोटी झडीतच लागते. जोते जमिनीपासून दीड-दोन फूट उचला आणि ते तिथल्या काळ्या दगडाचे किंवा काँक्रीटचे बांधा. त्यावर सगळीकडे काँक्रीटचा चार इंच उंच कट्टा घेऊन पॅनेल त्याच्यावर उभे करा, म्हणजे त्याचा तळ पाण्यात राहणार नाही. छपराची पाखी भिंतीच्या बाहेर निदान चार फूट यावी, आणि पश्चिमेला पडवी असेल तर फारच उत्तम. पॅनेलांचा सांधा जीभ-खाचेचा असतो. त्यात चिकट माल भरून दोन्ही पॅनेले घट्ट आवळावी लागतात आणि वरून जाळीची पट्टी चिकटवावी लागते. पहिली बारीक भेग बहुतेक वेळा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी निघते, तेव्हा तिथे जाळीचा आडवा तुकडा जादा लावायला सांगा. न्हाणीघर आणि संडास यांच्या भिंती मी सरळ ब्लॉकच्या बांधायला सांगते. तेवढ्याने खर्च फारसा वाढत नाही आणि आयुष्यभराची कटकट टळते.

ही घरे टिकत नाहीत अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची भीती असेल, तर त्यांना काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन दाखवा. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवलेला तिचा लोखंडी सांगाडा सुटा करून जहाजाने मुंबईत आणला आणि इथे जोडला. दुर्लक्षामुळे ती इमारत जर्जर झाली आहे, हेही खरे; पोलादाला देखभाल लागतेच. तुमच्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा किती, हे लेखी मागा. कोल्ड-फॉर्म्ड, म्हणजे पातळ पत्रा न तापवता वाकवून केलेल्या, पोलादासाठी दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम ही माफक अपेक्षा आहे. जोड बोल्टचे असावेत, कारण साइटवर वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. कुठे वेल्डिंग करावेच लागले, तर त्या जागी जस्तयुक्त रंगाचे दोन हात डोळ्यांसमोर लावून घ्या.

कोटेशन घेताना फक्त भिंतीचा प्रति चौरस फूट दर ऐकून हुरळून जाऊ नका. पाया, जोते, छप्पर, दारे-खिडक्या, वायरिंग, नळकाम, वाहतूक, उतरवणी, हायड्रा (छोटी फिरती क्रेन) आणि 18 टक्के जीएसटी धरून घर राहण्याजोगे होईपर्यंतचा एकच आकडा मागा, आणि तोच आकडा स्थानिक गवंड्याकडून विटांच्या घरासाठीही घ्या. तुलना या दोन आकड्यांची करायची. पॅनेलला बीएमटीपीसी या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञानासाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचे कामगिरी मूल्यांकन प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. ट्रक प्लॉटपर्यंत वळतो का, हे ऑर्डरपूर्वी स्वतः पाहा, कारण गावच्या अरुंद वळणावर ट्रक अडला की पॅनेले हातांनी वाहावी लागतात, आणि अशा वेळी त्यांचे कोपरे फुटतात. गृहकर्ज हवे असेल तर बँकेला पद्धत आधी सांगा आणि तिचे उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम द्या.

‘हे घर उचलून नेता येते, म्हणून परवानगी लागत नाही,’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पाया घालून राहण्यासाठी उभे केलेले बांधकाम, ते हलके असो वा जड, मंजुरीशिवाय करता येत नाही. कर्जत तालुक्यातील काही गावे माथेरानच्या 2003 साली अधिसूचित झालेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतात, म्हणून एनए आदेश हातात असला तरी तुमचा सर्व्हे नंबर त्यात आहे का, याची खातरजमा नकाशावर पैसे खर्च करण्यापूर्वी करून घ्या.

मंजुरी हाती असेल तर दिवाळीनंतर पाया घाला, जोते मुरू द्या, जानेवारी-फेब्रुवारीत सांगाडा आणि पॅनेले उभी करा आणि गुढीपाडव्याच्या सुमारास छप्पर पुरे करा. आतला शेवटचा रंग मात्र त्या वर्षी देऊ नका. नुसता प्रायमर मारून एक पावसाळा जाऊ द्या, जुलैतल्या झडीत प्रत्येक सांध्यावरून हात फिरवून ओल कुठे लागते ते खडूने खुणा करून ठेवा, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्या खुणा दुरुस्त झाल्यावर देण्याची अट करारातच घाला.