सातवीच्या वर्गातील एक तास

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. शाळेने मुलींसाठी पाळी आणि वयात येण्याविषयी डॉक्टरांचे तासाभराचे व्याख्यान ठेवले असून त्या वेळी मुलग्यांना मैदानावर नेणार आहेत. पालकसभेत काहींनी ‘एवढ्या लवकर कशाला?’ असे विचारले, तर मला हे फारच अपुरे वाटले. शाळांनी हा विषय कसा हाताळावा?
– एक पालक, सांगली

उत्तर : काही मुलींना पाळी नवव्या-दहाव्या वर्षीच येते, हे लक्षात घेतले तर सातवीतला हा तास लवकर नसून उशिराच आहे. मुलग्यांना बाहेर पाठवण्याची पद्धत मात्र मला साफ चुकीची वाटते. वर्गातल्या मुलीच्या गणवेशावर डाग पडला की खिदळणारी मुले याच मैदानावरून परत आलेली असतात. शिवाय आवाज फुटणे, स्वप्नावस्था (झोपेत होणारे वीर्यस्खलन) यांविषयी त्यांच्याशीही कोणी बोललेले नसते. शंका विचारायला वेगळे बसवावे, पण माहिती दोघांना दोघांचीही मिळावी.

जगभरात शाळेतील लैंगिक शिक्षणाबाबत ढोबळमानाने दोन वाटा दिसतात. अमेरिकेत 1996च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांना केंद्रीय निधी मिळू लागला. पण तेथील संसदेच्याच आदेशाने झालेल्या आणि 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, असे कार्यक्रम घेतलेली आणि न घेतलेली मुले यांच्या वर्तनात संयमाच्या बाबतीत फरक आढळला नाही. याउलट स्वीडनने 1955मध्येच हा विषय शाळांत सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020पासून प्राथमिक शाळेत मैत्री, कुटुंब, परस्परांचा आदर यांचे शिक्षण अनिवार्य आहे. लैंगिक शिक्षणाच्या तासातून पाल्याला वगळण्याची विनंती पालक करू शकतात, नातेसंबंधांच्या तासातून नाही. पालकांचा संकोच आणि मुलांची गरज या दोहोंची दखल घेणारी ही विभागणी मला विचार करण्याजोगी वाटते.

आपल्याकडे केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम 2005मध्ये आला आणि त्यातील चित्रांवरून उठलेल्या वादळात महाराष्ट्राने 2007मध्ये तो थांबवला. र. धों. कर्वे यांनी 1927पासून लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्याच राज्यात हे घडले! दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजनन आहे, पण ‘हे घरी वाचून या’ म्हणत पाने उलटणारे शिक्षक आजही भेटतात. त्यांना दोष देऊन भागत नाही, कारण हा विषय कसा बोलावा याचे प्रशिक्षण त्यांच्यापैकी बहुतेकांना मिळालेलेच नसते.

केवळ ‘चांगला-वाईट स्पर्श’ शिकवून थांबणेही पुरेसे नाही. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो; अशा वेळी काय घडले हे सांगण्यासाठी मुलाजवळ अवयवांची खरी नावे आणि ऐकून घेणारा मोठा माणूस, दोन्ही हवे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पोक्सो कायद्यानुसार अशी बाब कळल्यावर ती पोलिसांना कळवणे शाळेवर बंधनकारक आहे, हेही शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

तेव्हा व्याख्यानाला संमती अवश्य द्या, पण मुख्याध्यापकांकडे आणखी मागण्या करा. व्याख्यानाआधी आठवडाभर वर्गात निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी आणि डॉक्टरांनी त्या प्रश्नांपासूनच सुरुवात करावी. मुलग्यांसाठीही असाच तास व्हावा. दाखवले जाणारे साहित्य पालकांना आधी पाहू द्यावे, म्हणजे ऐकीव माहितीवरून उठणारे आक्षेप बरेच कमी होतील. आणि वर्गशिक्षिकेने व्याख्यानाला हजर राहावे, कारण डॉक्टर गेल्यावर उरलेली शंका मुली त्यांनाच विचारणार आहेत.