महान कोच ओळखायचा तर बेंचकडे बघा

पुतणी अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायला निघाली आहे आणि तिथल्या मुलींच्या संघांचे कोच ‘ग्रेट’ नेमके कशावरून ठरतात, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण राष्ट्रीय जेतेपदाच्या ट्रॉफ्या मोजतात. मोजायच्याच तर कनेटिकटच्या जीनो ऑरिएमांच्या १२, टेनेसीच्या पॅट समिट यांच्या ८, विषय संपला. पण कॉलेजच्या कोचची पंचाईत वेगळीच असते. घडवलेली मुलगी चार वर्षांत निघून जाते, आणि हल्ली ट्रान्सफर पोर्टलमुळे (म्हणजे कॉलेज बदलायला नाव नोंदवायची सोय) त्याआधीही. त्यामुळे मी बघतो ते एवढंच, की मागे बेंचवर बसलेल्या राखीव मुलीचं कोच काय करतो.

डॉन स्टेली घ्या. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला त्यांची साउथ कॅरोलायना एकही सामना न हरता आली होती. आयोवाने डाव साधा ठेवला: ज्यांना लांबून जमत नाही त्यांना मोकळं सोडायचं आणि गर्दी बास्केटखाली करायची. स्टेलींची रेव्हन जॉन्सन थ्री-पॉइंट रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी, आणि आयोवाची स्टार केटलिन क्लार्क हिने नुसता हात झटकला, तिच्या जवळसुद्धा गेली नाही. ती क्लिप सगळीकडे फिरली. सामना ७७-७३ ने गेला, आणि सीझन संपल्यावर सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचातल्या पाचही जणी कॉलेज सोडून गेल्या.

पुढचं वर्ष ‘नवी टीम आहे हो’ म्हणून कुणीही माफ केलं असतं. २०२४ चा निकाल काय? ३८-०, म्हणजे ३८ सामने आणि एकही हार नाही. फायनलला पुन्हा आयोवाच. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण ठोकले. मग तिला चिकटली कोण, तर हीच रेव्हन. उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून क्लार्कचे १२. आणि संघात सर्वाधिक गुण कुणाचे, तर बेंचवरून आलेल्या टेसा जॉन्सनचे, १९, तेही पहिल्याच वर्षाला असताना! बेंचचे गुण ३७ विरुद्ध ०. असा बेंच वर्षभर खपल्याशिवाय उभा राहत नाही.

समिट यांचा काळ निराळा. १९७४ मध्ये बाविसाव्या वर्षी कोच झाल्या तेव्हा पगार महिना २५० डॉलर, संघाचे कपडे स्वतः धुवायचे, व्हॅनही स्वतःच चालवायची. मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं, दांडी चालणार नाही. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. मला तर १,०९८ विजयांपेक्षा हा आकडा भारी वाटतो. (त्यांच्या नजरेची दहशत मात्र भल्याभल्यांना होती. सगळ्याच मुलींना ती पद्धत मानवेल असं नाही.)

ऑरिएमांची जीभही तिखट. पण २०१६ नंतर त्यांना थेट २०२५ मध्ये जेतेपद मिळालं. मधल्या काळात त्यांची स्टार खेळाडू पेज ब्यूकर्स हिचा गुडघा गेला, तिचा अख्खा २०२२-२३ चा सीझन बुडाला. तरी माणूस तिथेच ठाम, आणि शेवटी जिंकला तो तिलाच घेऊन.

तेव्हा पुतणीला सांगा, कॉलेज बघायला गेली की स्टेडियमचे फोटो नंतर काढ. आधी कोचला विचार, आठव्या-नवव्या नंबरच्या मुलीला किती मिनिटं मिळतात, दुखापत झाली तर स्कॉलरशिपचं काय, आणि गेल्या चार वर्षांत किती जणी संघ सोडून गेल्या. मग तिथल्या सीनियर मुलींना एकटं गाठून हेच पुन्हा विचार. दोन्हीकडची उत्तरं जुळतात का, ते बघ.