भाकरीच्या गावातही विचारूनच खा

प्रिय बाळ,

परवा तुझ्या आईशी बोलणं झालं. बायोप्सीचा रिपोर्ट आला, सीलियाकच आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तोच आजार, हे पक्कं झालं, आणि तू मेसमध्ये दोन्ही वेळा नुसता दहीभात खाऊन उठतोस, असं ती म्हणाली. म्हणून लिहायला बसले. हा आजार माझ्या सोबत बरीच वर्षं आहे आणि मी सोलापुरात बाहेर जेवते. तूही जेवशील. फक्त कुठे आणि कसं, ते समजून घे.

आधी त्या दहीभाताचं बघू. त्यावरच्या फोडणीत हिंग असतो का, हे विचारलंस का कधी? शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. काही कंपन्या तांदळाचं वापरतात, ते डबीवर छापलेलं असतं. मेसच्या मामांना डबी दाखवायला सांग. आमटी, सांबार, कढी, उडदाचा पापड, सगळीकडे हाच हिंग असतो.

किती गहू चालतो, असं तुला मित्र विचारतील. चालत नाही. दिवसाला 10 मिलिग्रॅम ग्लूटेनच्या आत राहावं, असं तज्ज्ञ मानतात, आणि गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असतं. म्हणजे 100 मिलिग्रॅम कणीक, चिमटीतही भरणार नाही इतकी. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर आपल्याकडचा नियम किलोमागे 20 मिलिग्रॅमचा आहे. मर्यादा एवढी बारीक असल्यामुळेच ताटात काय आहे एवढं बघून भागत नाही, तवा, तेल आणि डाव यांचीही चौकशी करावी लागते.

आपलं गाव ज्वारीचं. मंगळवेढ्याची ज्वारी, कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, एवढ्यावर आपलं जेवण उत्तम होतं. पण ज्वारीचं गाव म्हणूनच माणूस इथे गाफील राहतो. ज्वारीत ग्लूटेन नाही, बाजरीत नाही, हे खरं. पण गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असेल आणि त्याच्या पाठोपाठ ज्वारी ओतली, तर गहू त्या पिठात येणारच. पुढे परातीत काय होतं तेही बघ. ज्वारीचं पीठ पांढुरकं, करडं दिसतं, कणीक किंचित पिवळसर. पिठाची विरी गेली असेल तर भाकरी थापताना चिरा पडतात, मग काही जणी त्यात मूठभर कणीक मिसळतात. त्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नाही. चपात्या लाटणारी आणि भाकरी थापणारी बाई एकच असेल, तर हात तेच, तवा तोच आणि फडकंही तेच.

म्हणून माझा पहिला नियम: जिथे चपाती मिळतच नाही, फक्त भाकरी मिळते, अशी खानावळ शोध. सोलापुरात अशा मिळतात, विशेषतः मटणाच्या. तिथे रश्शाबद्दल विचार. आपल्या भागात आमटीला, रश्शाला येसर लावतात. त्यात धान्यं भाजून दळलेली असतात आणि बहुतेक घरांत त्यात गहूही असतो. मेतकुटातही असतो. धपाट्यात ज्वारीबरोबर कणीक सर्रास पडते. आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत कुणी प्रेमाने हुग्गी पुढे केली, ‘खपली गव्हाची आहे, खपली चालते’ म्हणालं, तर हात जोड. खपली पचायला हलकी म्हणतात, पण तिच्यातही ग्लूटेन आहेच.

उडप्याकडे इडली त्यातल्या त्यात बरी, रवा इडली सोडून. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी रवा घालतात का ते विचारायचं, आणि त्याच तव्यावर रवा डोसा होत असेल तर डोसा नकोच. भजी बेसनाची असली तरी कढई समोशाचीच असते. तंदूर नानमुळे बाद. दमाच्या बिर्याणीचं झाकण कणकेने लिंपतात. चायनीजच्या गाड्यावर सोया सॉस असतो आणि त्यात बऱ्याचदा गहू असतो. कॉर्नफ्लेक्स, माल्टची पेयं, बिअर, यांतल्या बहुतेकांत जव, आणि जवातही ग्लूटेन. ही यादी पाठ करू नकोस, महिनाभरात अंगवळणी पडेल.

खरं अवघड आहे ते विचारणं. तुझ्या वयात चार मित्रांसमोर वेटरला थांबवून प्रश्न विचारायला संकोच वाटतो. मग मुलं ‘चालतंय की’ म्हणून खातात. तसं करू नकोस. गर्दीच्या वेळी कुणीही नीट उत्तर देत नाही, म्हणून दुपारी चार-पाचच्या सुमारास, भट्टी थंड असताना, एकटा जा. वेटरशी नको, मालकाशी आणि आचाऱ्याशी बोल. सीलियाक म्हटलं तर कुणाला कळणार नाही. सरळ सांग: ‘मला गव्हाचा आजार आहे. कणीक, मैदा, रवा, काहीच चालत नाही. तोच तवा, तेच तेल, तोच डाव लागला तरी आतड्याला इजा होते.’ तरीही समजलं नाही तर उपवासाचं उदाहरण दे. एकादशीला खिचडीत धान्याचा दाणा पडू नये म्हणून आपण किती जपतो, ते पंढरपूरच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. इथले आचारी पुष्कळदा कन्नड किंवा तेलुगू बोलणारे असतात. गव्हाला कन्नडमध्ये गोधी म्हणतात, तेलुगूत गोधुमलू. एवढा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा बदलतो आणि आपणहून सांगायला लागतात.

आचारी ‘काही नसतंय त्यात’ असं न बघताच म्हणाला तर तिथे जेवू नकोस. जो डबी काढून वाचतो, तवा धुतो म्हणतो किंवा ‘आमच्याकडे तुला जमणार नाही बाळा’ असं स्पष्ट सांगतो, तो भला माणूस. अशी दोन-तीन ठिकाणं धर आणि मित्रांना तिथेच घेऊन जा. हिवाळ्यात हुरड्याला जरूर जा. आगटीतली कणसं, शेंगा चटणी, दही, गूळ पोटभर खा. फक्त धपाटे बाजूला ठेव.

चुकून पोटात गेलंच तर घाबरू नकोस. भरपूर पाणी पी, आराम कर, आईला कळव. ‘गोळी घेतली की गहू पचतो’ असं सांगणारे भेटतील, तशी गोळी नाही. आणि त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही समजू नकोस. सहा महिन्यांनी टीटीजीची, म्हणजे या आजाराची खूण दाखवणारी, रक्ततपासणी करून घे. बाहेरचं जेवण खरंच निभावतंय की नाही, याचा अंदाज त्या आकड्यावरून येईल.

आणखी एक. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, तेव्हा तुझ्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करायला आईला सांग. तिचं पोट दुखत नसलं तरी. पण तपासणी होईपर्यंत तिची चपाती बंद करू नका म्हणावं. गहू सोडल्यावर रक्तातलं लक्षण दिसेनासं होतं आणि मग निदान अडकून बसतं.

तुझी,
काकू