क्रूरसिंगाच्या भुवया

प्रश्न : १९९४मध्ये ‘चंद्रकांता’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होतो. यंदा दिवाळीत कंपनीला सुट्टी होती म्हणून मुलाला घेऊन ती मोबाइलवर पुन्हा लावली. पोरगं जादू बघून खिदळत सुटलं, ते ठीक. पण लहानपणी मला त्यातला नायक वीरेंद्रसिंग व्हायचं होतं. आता तो दिसला की मी पुढे ढकलतो आणि खलनायक क्रूरसिंग कधी येतो बघतो. माझं काही बिघडलंय का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : अहो, क्रूरसिंगाची वाट आम्ही तेव्हाही बघायचो, कबूल करत नव्हतो इतकंच. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या वाड्यात टीव्ही एक आणि पोरं चौदा. क्रूरसिंग झालेल्या अखिलेंद्र मिश्रांचं ते ‘यक्कू’ कानावर पडलं की सोमवारी वर्गातली निम्मी मुलं काजळाने भुवया कपाळावर चढवून हजर. माझ्या भावाच्या नीट धुतल्या गेल्या नव्हत्या, तर बाईंनी त्याला प्रार्थनेत मागे उभं केलं. भिजवलेल्या कोळशासारखं काळं पाणी गालांवरून ओघळत होतं, आणि हा पठ्ठ्या तरीही यक्कूच करतोय.

वीरेंद्र बिचारा नौगढचा राजकुमार, त्याला जन्मतःच सगळं मिळालेलं. क्रूरसिंगाला विजयगढची गादीही हवी आणि तिथली राजकुमारी चंद्रकांताही, आणि त्यासाठी तो मेहनत घेतो! नोकरी करणाऱ्या माणसाला कोण जवळचा वाटणार?

मी मात्र गेल्या पावसाळ्यात मालिका पुन्हा पाहिली तेव्हा माझी नजर ऐयारांवरच, म्हणजे राजांच्या पदरी असलेल्या वेषांतर करणाऱ्या हेरांवरच अडकली. ज्या कादंबरीवरून मालिका बेतली, तिच्या सुरुवातीलाच देवकीनंदन खत्रींनी ऐयारांना काय काय यावं लागतं ते सांगितलंय : रूप पालटणं, औषधांची माहिती, गाणं-बजावणं, धावणं, हेरगिरी. म्हणजे विरहाचे उसासे राजपुत्राने टाकायचे आणि रात्रभर पायपीट त्याच्या ऐयाराने, तेजसिंगाने करायची. कुणाला बेशुद्ध करायचं, कुणाला लखलखा हुंगवून उठवायचं, सगळं यांच्याच बटव्यात. मालिका कादंबरीपासून पुढे कुठच्या कुठे भरकटली, मधले कितीतरी भाग मी सरळ ओलांडले. पण इरफान खानचा बद्रीनाथ आला की हात थांबायचा. शत्रूच्या पदरचा ऐयार, पण बघत राहावं असा.

आणि चपला. चंद्रकांताची मैत्रीण, स्वतः ऐयार. लहानपणी मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष राजकुमारीच्या दागिन्यांवर. आईला मात्र तिचीच काळजी. रविवारी सकाळी मालिका आणि नळाचं पाणी एकाच वेळी यायचं, त्यामुळे आईने अख्खी ‘चंद्रकांता’ मोरीतून नुसती ऐकली. हंडा भरता भरता ती ओरडायची, “अगं, चपला गेली कुठं?”

समोरच्या काकू ओट्यावरून दरवेळी तेच सांगायच्या, “दाराशीच आहेत की तुमच्या!”