लाल सलाईनचा हिशोब

प्रश्न : डॉक्टर, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलीला ६व्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता, मुंबईला नेऊन किमो केली, आता २४ची आहे, एकदम ठणठणीत. पण यंदा नवरात्रात गरब्याच्या दुसऱ्याच राऊंडला धाप लागून खालीच बसली. ईसीजी नॉर्मल आलाय. ओळखीच्या एक बाई म्हणतात किमोचा हार्टवर परिणाम होतो. १८ वर्षांनी? लग्नाचंही बघतोय, म्हणून जास्तच घोर लागलाय.

उत्तर : हो ताई, १८ वर्षांनीसुद्धा. (बाईंचं यावेळी बरोबर निघालं!) ते लालभडक सलाईन आठवतंय का, जे चढवलं की पोरीला लघवीपण लालसर व्हायची आणि घरचे घाबरायचे? ते डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचाच भाऊ डॉनोरुबिसिन. त्या औषधानं पोर वाचली हे आधी लक्षात ठेवा, त्याला शिव्या नकोत. पण त्यानं हार्टच्या स्नायूच्या काही पेशी मरतात, त्या जवळपास परत तयार होत नाहीत, मग उरलेल्या पेशी सगळा भार ओढत राहतात आणि वर्षानुवर्षं बाहेरून काही कळत नाही.

ईसीजीवर थांबू नका. त्यात ठोक्यांची लय दिसते, पंपिंग किती होतंय ते टूडी इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) दिसतं, तो याच आठवड्यात करा. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड, कारण या वयाच्या मुलींना रक्त कमी असल्यानंही धाप लागते. रिपोर्ट येईपर्यंत गरबा, जिम बंद. आडवं झाल्यावर दम लागला किंवा पाय सुजले तर मात्र त्याच दिवशी गाठा.

आता माळ्यावरची ती जुनी फाईल काढा. लाल औषधाचा एकूण डोस त्यात सापडेल. सगळे मिळून २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबानं) किंवा जास्त असेल तर इको नॉर्मल आला तरी दर २ वर्षांनी करायचा, १०० ते २५० असेल तर ५ वर्षांनी. छातीला शेक (रेडिएशन) दिला असेल तर हिशोब बदलतो, तेही बघा.

लग्नाला आत्ताच नाही म्हणायचं कारण नाही. फक्त दिवस जायच्या आधी, नाहीतर पहिल्या ३ महिन्यांत इको हवाच, कारण गरोदरपणात रक्त वाढतं आणि हार्टला जास्त पंप करावं लागतं. बीपी तपासत राहा.

फाईल सापडलीच नाही तर मुंबईच्या त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नाव आणि ट्रीटमेंटचं वर्ष देऊन मागा, जुना केस नंबर असला तर काम लवकर होतं.