जानेवारीच्या बिलात दोन महिन्यांच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या मिस्टरांची नोव्हेंबरमध्ये अँजिओप्लास्टी झाली. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने आमची पॉलिसी काढली होती. दवाखान्याचं कॅशलेस झालं, त्याबद्दल तक्रार नाही. ११ नोव्हेंबरला घरी आलो. गोळ्या महिन्याला २,९०० रुपयांच्या. एजंट म्हणाला, "काकू, बिलं जपून ठेवा, मिळतात." ११ नोव्हेंबर, १२ डिसेंबर आणि ९ जानेवारी अशी तीन बिलं पाठवली. आम्ही बाळीवेशीत राहतो; सिद्धेश्वर यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या गर्दीत बाहेर पडायला नको म्हणून जानेवारीत दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या. एकूण ११,६०० झाले, हातात आले २,९००. वर्षाला २१,८०० भरायचे आणि गोळ्यांना नाही म्हणायचं, मग हा विमा कशाचा? मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, पगार १८,०००. मालकाने कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड काढलेलं नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, हा विमा दवाखान्यात ॲडमिट होण्याचा आहे, आजारपणाचा नाही. पॉलिसी विकताना हे एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही. ॲडमिट होण्याआधीचे काही दिवस आणि घरी आल्यानंतरचे काही दिवस, एवढ्याच काळातली औषधं त्यात बसतात. तुमच्या पॉलिसीची झेरॉक्स पाहिली. त्यात नंतरचे साठ दिवस आहेत. म्हणजे १० जानेवारीला तुमची मुदत संपली.

आता बिलं. जानेवारीचं बिल मुदतीतलं आहे, पण एकोणसाठाव्या दिवशी साठ दिवसांच्या गोळ्या घेतल्या की क्लेम तपासणारा माणूस गोळ्या मोजतो. मी निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर होतो, अशा बिलांवर लाल रेघ मीही मारली आहे. त्याला गड्डा, होम, नंदीध्वज काही कळत नाही. त्यातून तुमचं ते बिल कच्च्या चिठ्ठीवर आहे. बॅच नंबर नाही, पेशंटचं नाव नाही. त्यामागे लागू नका.

डिसेंबरचं मात्र सोडू नका. "डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नाही" असं कारण दिलंय. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर खाली त्याच गोळ्या लिहिल्या आहेत आणि पुढे "चालू ठेवणे" असा शेरा आहे. त्या कार्डाची प्रत काढा, डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या की या गोळ्या डिसेंबरमध्येही चालू होत्या, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पाठवा. पोच घ्या. फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. २,९०० रुपयांसाठी एवढं कशाला, असं मुलगा म्हणेल. म्हणू दे.

पुढच्या महिन्यांचं काय? ओपीडीची, म्हणजे ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चाची, जोडपॉलिसी मिळते, पण जादा हप्ता किती आणि वर्षाला औषधांचे जास्तीत जास्त किती देणार, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. बऱ्याचदा उजव्या खिशातले डाव्या खिशात जातात. त्यापेक्षा डॉक्टरांना गोळ्यांची मूळ नावं लिहायला सांगा, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन अशी, आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा. माझ्या बीपीच्या गोळ्या मी तिथूनच आणतो. फक्त बदल डॉक्टरांना विचारूनच करा. पैसे वाचवायला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू नका. स्टेंट नवीन असताना तो खेळ जिवावर बेततो.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्यावर मी जास्त वेळ थांबलो. पगार २१,००० च्या आत आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामगार विमा मालकाच्या मर्जीवर नसतो, कायद्याने लागतो. मिस्टरांच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला १३५ रुपये जातील; मालकाचे ३.२५ टक्के, ५८५ रुपये. त्यात बाहेरचा रुग्ण म्हणूनही औषधं मिळतात, तुम्हालाही मिळतात, आणि आधीपासूनचा आजार म्हणून कुणी बाजूला काढत नाही. दवाखान्यात एखादी गोळी संपलेली असते, रांग असते, हेही खरं.

मालकाला विचारायची भीती वाटते, हे समजतं. एकट्याने जाऊ नका. मिस्टरांना सांगा, खात्यातले चार-पाच जण मिळून आधी हजेरीपत्रकावर किती नावं आहेत ते मोजा. माणसं दहाच्या आत दिसावीत म्हणून एकाच शेडमध्ये दोन नावांचे कारखाने दाखवलेले असतील तर तेही लिहून ठेवा. मग कामगार विम्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.